मस्कतला पाठवलेलं घर

"बाई, पप्पांच्या खांद्यावर जळतंय," तृप्ती म्हणाली.

महादेव होडगे एकदम मागे सरकला आणि खांदा झटकायला लागला. सदऱ्यातून पिठाचा ढग उठला.

"तसं न्हवं पप्पा. मोबाइलात जळतंय. ऊन लई पडलंय तुमच्या खांद्यावर, तेवढी जागा निस्ती पांढरी येतीया."

"मग तसं सांग की. मला वाटलं मोटरीची ठिणगी उडाली."

"पडद्यावर तिथंच बोट दाबून धर," मी म्हटलं. "कुलपाची खूण दिसेपर्यंत सोडू नको."

तिने बोट दाबून धरलं. चित्र हळूहळू सावळं झालं आणि गिरणीच्या दारातून आत येणारा उन्हाचा पट्टा एकाएकी स्पष्ट दिसू लागला. पट्ट्यात पीठ तरंगत होतं. पिठामागे महादेव, हातात सूप घेऊन, बावचळून उभा. इतकी वर्षं मी त्या गिरणीत दळण घेऊन जात होते, पण गिरणी एवढी देखणी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तृप्ती चित्राकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "बाई, आईला हे बघून यावंसं वाटंल न्हवं?"

"वाटेल," मी म्हटलं.

या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं झाली. तेव्हा मी आजरा तालुक्यातल्या कोळवडे गावच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवत होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तृप्ती माझ्या वर्गात मधल्या रांगेत बसायची. हुशार म्हणावी अशी नव्हती, पण एकदा सांगितलेलं विसरायची नाही. तिची आई, शालन, दोन वर्षांपूर्वी मस्कतला गेली होती. तिथल्या एका घरातल्या म्हाताऱ्या बाईला सांभाळायचं काम होतं. महादेव गवंडीकाम करायचा. तो परांचीवरून पडला आणि त्याचा डावा पाय कायमचा अधू झाला. त्यानंतर त्याने घराच्या पुढच्या खोलीत गिरणी घातली, पण गाव लहान, दळण बेताचं. म्हणून शालन गेली. जाताना धाकटा ओम दीड वर्षाचा होता.

करार दोन वर्षांचा. मार्चमध्ये तो संपणार होता, आणि फेब्रुवारीअखेर तिने पुन्हा सही केली तर आणखी दोन वर्षं. दर शुक्रवारी तिचा फोन यायचा. दर शुक्रवारी तृप्ती विचारायची, "आई, येणार न्हवं मार्चात?" आणि शालन म्हणायची, "बघू."

जानेवारीत एक दिवस शाळा सुटल्यावर तृप्ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, तुम्ही पोरांना मोबाइलवर सिनेमा करायला शिकवणार म्हणालाय. मला आधी शिकवा."

"का गं? एवढी घाई?"

"आई निस्ता आवाज ऐकती. आवाजात काय कळतंय? घर दिसलं की येईल." ती थोडं थांबली. "पर चांगलं दिसाय पायजे. मागं मी पप्पांच्या मोबाइलावर केलो आन् पाठवलो. आई म्हणाली, काय समजत न्हाई गं, सगळं गढूळ दिसतंय."

आमच्याकडच्या मुली 'मी केलो, मी आलो' असंच बोलतात. इतक्या वर्षांत मीही ते सुधारायचं सोडून दिलं होतं.

मला हे शिकवता येत होतं ते माझ्या भावामुळे. त्याचा गडहिंग्लजला फोटो स्टुडिओ होता. लहानपणी सुट्टीत मी तिथे पांढऱ्या कापडाची चौकट धरून उभी राहायची आणि तो ओरडायचा, "कुंदे, उजेड तोंडावर टाक, भिंतीवर नको." स्टुडिओ कधीच बंद झाला. उजेड बघायची सवय मात्र माझ्या डोळ्यांना राहिली.

कॅमेरा म्हणजे माझा फोन. दुकानदाराने "साधाच आहे बाई, बोलायला चांगला" असं सांगून दिलेला. मी तृप्तीला पहिल्याच दिवशी सांगितलं, "फोन साधा आहे याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. आपण त्याला त्रास द्यायचा नाही, एवढंच. अंधारात त्याला दिसत नाही, म्हणून सकाळी नऊ ते दहा काम करायचं. त्याला लांबचं दिसत नाही, म्हणून झूम करायचं नाही, आपण चालत जवळ जायचं. त्याला हललेलं सोसत नाही, म्हणून त्याला बसायला जागा द्यायची."

"बसायला?"

मी कापडाची एक छोटी पिशवी शिवून आणली होती. तिच्यात किलोभर ज्वारी भरली आणि तोंड शिवून टाकलं. पिशवी उंबऱ्यावर, दगडावर, पोत्याच्या थप्पीवर, कुठेही ठेवावी आणि तिच्यात फोन रुतवावा. हवा तसा तिरका बसतो आणि तसूभर हलत नाही.

महादेवने ती पिशवी हातात घेऊन वजन केलं. "बाई, नंतर ही दळायला देणार असला तर सांगा. पाखडून ठेवतो."

"दळायची नाही. कॅमेऱ्याचं सामान आहे ते."

"मग माझ्याकडं असलं सामान आठ पोती हाय," तो म्हणाला.

ऊन एका बाजूनेच यायचं आणि माणसाचा अर्धा चेहरा काळा पडायचा. त्यावर महादेवनेच तोड काढली. मैद्याचं पांढरं पोतं उसवून त्याने काठीला बांधलं. ते दुसऱ्या बाजूने धरलं की काळ्या गालावर उजेड यायचा. आवाजासाठी त्याच्या फोनची कानात घालायची वायर त्याच्याच सदऱ्याच्या गुंडीखाली टाचली. फोन खिशात ठेवून त्यावर आवाज धरायचा आणि नंतर चित्राला जोडायचा. जोडताना दोन्ही जुळावेत म्हणून तृप्ती प्रत्येक वेळी आधी एक टाळी वाजवायची. दुसऱ्या दिवसापासून ओमही टाळी वाजवायला लागला. तो तिची नक्कल करायचा, आणि तिच्या मागे मागे फिरायचा. ती वाकली की हा वाकायचा. ती बसली की हा तिच्या मांडीत.

तीन रविवार आम्ही काम केलं. गोठ्यातली म्हैस घेतली. परसातला कढीपत्ता घेतला, शालनने लावलेला. चुलीवर भाकरी फुगताना घेतली. भाकरी तृप्तीच करत होती, म्हणून तेवढ्यापुरता फोन पिशवीत रुतवून ठेवला. चित्रात तिचे दोन हात, तवा आणि भाकरी. मी म्हटलं, "मागे हो जरा. डोक्याची सावली पडतेय भाकरीवर." ती मागे झाली. भाकरी टम्म फुगली आणि तिच्यातून वाफ निघाली. पाठीमागे अंधार होता, त्यामुळे वाफ अशी दिसली की मी स्वतःशीच हसले.

"बाई, घर किती नीटनेटकं दिसतंय," तृप्ती म्हणाली. "आमचंच हाय का वो?"

तिने आदल्या दिवशी सगळं घर सारवलं होतं. भांडी राखेने घासली होती. पत्रा गळतो तिथे पावसाळ्यापासून खाली ठेवलेली बादली मी उचलून बाहेर ठेवायला लावली, कारण ती चित्रात मधोमध येत होती. महादेव चालताना लंगडायचा तेव्हा पाठीमागच्या चौकटीपुढे त्याचं डोकं वर-खाली व्हायचं आणि डोळ्याला खुपायचं. म्हणून मी त्याला चालायला लावलंच नाही, पोत्यावर बसवलं. हे सगळं मी त्यांना का आणि कसं ते समजावून सांगत होते. शिकवायला मिळालं की मला दुसरं काही दिसत नाही. तो माझा जुना आजार आहे.

तिसऱ्या रविवारी महादेवचं बोलणं घ्यायचं होतं. तृप्तीने त्याला आठ दिवस आधीपासून सांगितलं होतं, पप्पा, तुम्ही 'ये' म्हणायचं. बाकी काय बी म्हणा, पर 'ये' म्हणा.

तो पोत्यावर बसला. गिरणी बंद होती. तृप्तीने टाळी वाजवली, ओमने वाजवली. महादेव फोनकडे बघत राहिला, मग पायाकडे बघायला लागला.

"बोला की पप्पा."

"काय बोलू?"

"आई समोर हाय असं समजायचं."

"समोर असती तर कशाला बोललो असतो?" तो म्हणाला. मग बराच वेळ गप्प बसला. आम्ही थांबलो. थांबायचं असतं, हे मी शिकवलं होतं. शेवटी तो खाली बघूनच म्हणाला, "शालन, लई दिवस झालं. आता ये. मला हे एकट्यानं जमंना."

तो बोलत असतानाच वाऱ्याने मागचं दार आपटलं आणि भिंतीला टांगलेला मोटरीचा जुना पट्टा पत्र्यावर फटफट वाजायला लागला. मी तृप्तीच्या हातातला फोन थांबवला, महादेवच्या फोनची वायर कानाला लावून ऐकलं. शब्द कळत होते, पण त्यांच्यावर पट्ट्याचा आवाज बसला होता. तीन रविवारांत एक चित्र हललं नव्हतं, एक आवाज फाटला नव्हता.

"छान बोललात," मी म्हटलं. "पण आवाज खराब आला. पुन्हा एकदा घेऊ या. पट्टा काढून ठेव गं, तृप्ती."

महादेवने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "पुन्हा?"

"हेच, असंच म्हणायचं."

पट्टा काढला. दार लावून घेतलं. टाळी वाजली. महादेव ताठ बसला, थेट फोनकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "शालन, हितं समदं बरं हाय. पोरं ठीक हायत. गिरणी चालू हाय. तू आमची काळजी करू नको."

तृप्ती म्हणाली, "पप्पा, 'ये' राहिलं."

"बोललो की मगाशी."

"ते न्हाई चालणार म्हणाल्या की बाई."

"आता न्हाई येत मला," तो म्हणाला आणि भिंतीला धरून उठला.

तृप्तीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "राहू दे. चित्रच बोलेल." आणि पहिलं पुसून टाकलं. फोनमध्ये जागा कमी होती.

शेवटी ओमचा चेहरा घेतला. दाराकडे तोंड करून त्याला पाटावर बसवलं आणि तृप्ती फोन घेऊन त्याच्यापुढे वीतभर अंतरावर बसली. कोपर बरगडीला टेकवायचं, श्वास अर्धा सोडायचा आणि धरायचा. ती दगडासारखी स्थिर होती. ओम तिच्याकडे बघत होता. मग हळूच हसला. पापण्यांचा एक एक केस दिसत होता. भावाच्या स्टुडिओत सगळं सामान असूनही असा चेहरा आला नसता, हे मी तिला तेव्हाच सांगितलं. ती लाजली.

सगळं जोडून सात मिनिटांचा व्हिडिओ झाला. तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर चेपून जाईल आणि पुन्हा गढूळ दिसेल, म्हणून आम्ही तो मेमरी कार्डात भरला. शेजारच्या गावचा दस्तगीर मस्कतला ड्रायव्हर होता, सुट्टी संपवून परत निघाला होता. नखाएवढं ते कार्ड तृप्तीने काडेपेटीत कापूस घालून त्याच्या हातात दिलं.

"एवढंच?" दस्तगीर म्हणाला. "लोक माझ्याकडं लोणचं देतात, पापड देतात."

"ह्यात आमचं घर हाय," तृप्ती म्हणाली.

फेब्रुवारीचा दुसरा शुक्रवार. शाळा सुटल्यावर मी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेले. डब्यात गहू चार वाट्या होते. महादेवने तो उघडून बघितला आणि झाकण लावून बाजूला ठेवला. आम्ही तिघंही फोनची वाट बघत होतो, ओम तेवढा पिठात बोटाने रेघा ओढत होता.

पाच वाजता फोन वाजला. तृप्तीने तो स्पीकरवर टाकला.

"लई भारी झालाय गं व्हिडिओ," शालनचा आवाज आला. "दस्तगीर परवा देऊन गेला. आमच्या म्हातारीच्या मोठ्या टीव्हीवर लावला. म्हातारी पण बघत बसली. तिला वाटलं पिक्चरच लागलाय. भाकरी कुणी केली? तू? एवढी फुगती तुझी भाकरी?"

"व्हय," तृप्ती म्हणाली. ती हसत होती.

"आन् घर काय ठेवलंयस. मी असताना पण एवढं लख्ख नव्हतं. पप्पांची तब्येत चांगली झाली की गं. मला हितं उगंच घोर लागल्याला. म्हटलं कसं करत असतील, काय खात असतील. बघितलं आन् जीव भांड्यात पडला."

"मग येणार न्हवं आई?"



"सही केली मी काल," शालन म्हणाली. "आता दोनच वर्षं. तू एवढं नीट सांभाळतीयास, मग दोन वर्षं काय, बघता बघता जातील. हॅलो? तृप्ती?"

तृप्तीने फोन महादेवच्या हातात दिला. माझा गव्हाचा डबा उचलला, गिरणीच्या पेटाऱ्यात ओतला आणि मोटर चालू करायला गेली. मग थांबली. माझ्याकडे वळून, वर्गात शंका विचारायची तशा आवाजात म्हणाली, "बाई, आता वाईट शूटिंग शिकवा."

"वाईट म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे गढूळ, काळं. हाललेलं. आधी माझं तसंच येत होतं, आता करून बघितलं तर येईना."

ती रडत नव्हती. तिला खरंच ते शिकायचं होतं.

मी महादेवच्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि बाहेर अंगणात आले.

"शालन, मी नेर्लेकरबाई."

"बाई, तुमचे उपकार कसे…"

"ते राहू दे. सही मागे घेता येते का?"

"न्हाई वो बाई. कागद गेला पुढं." तिचा आवाज खाली आला. "का? काय झालं?"

मी म्हटलं, "महादेव आधी 'ये' म्हणाले होते. पहिल्यांदा. ते मी पुसलं."

"पुसलं म्हंजे?"

"मागून पट्टा वाजत होता. आवाज चांगला आला नव्हता. मी त्यांना पुन्हा बोलायला लावलं, आणि पुन्हा बोलताना ते सगळं बरं आहे असं म्हणाले."

 

"काय म्हणाले होते पहिल्यांदा?"

मी त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. लई दिवस झालं. आता ये. मला हे एकट्यानं जमंना.

"ते असं म्हणाले?" शालन म्हणाली. "मला कधी म्हणाले न्हाईत." मग म्हणाली, "आवाज कसा बी असता तरी चाललं असतं वो बाई."

"हो," मी म्हटलं.

"आन् एक विचारू? तृप्ती का न्हाई त्यात?"

"तृप्तीनेच तर केलाय तो."

"ते खरं. पर सगळी हायत त्यात. ओम हाय, पप्पा हायत. कढीपत्ता हाय, म्हस हाय. मी तीनदा लावला. म्हटलं आता येईल, शेवटी तरी येईल. भाकरीपाशी हात दिसतात, तेवढंच. हात वळखले मी."

मी अंगणात उभी होते. तीन रविवार आणि मधले सगळे दिवस माझ्या डोळ्यांपुढून गेले. पोतं कुठे धरायचं, बादली कुठून हलवायची, कोणाची सावली कशावर पडते, सगळं मी बघितलं होतं. ही मुलगी चित्रात कुठेच नाही, हे मला दिसलं नव्हतं. त्या तिघांतल्याही कोणाला सुचलं नव्हतं, पण ती माणसं कधी कॅमेऱ्याजवळ गेली नव्हती. शिकवणारी मी होते.

"मग दिसली," शालन म्हणाली.

"कुठे?"

"ओमचं तोंड जवळनं दाखवलंय बघा. तिथं मी टीव्ही थांबवला. उठून अगदी जवळ जाऊन बघितलं. त्याच्या डोळ्यात आमचं दार हाय, आन् दाराच्या उजेडात एवढीशी तृप्ती हाय बसल्याली, मोबाइल धरून. दोन्ही डोळ्यांत हाय. एवढा साफ आलाय व्हिडिओ." तिने श्वास घेतला. "आन् त्यो तिच्याकडं बघून हसतोय बाई. पोरगं आईकडं बघून हसतंय तसा."

"हे तू सही करायच्या आधी बघितलंस?"

"आधीच बघितलं. म्हणून तर केली. म्हटलं, त्याला आई हाय."

"आणि तिला?" मी विचारलं.

 तिकडे कोणी तरी शालनला हाक मारत होतं. मग फोन बंद झाला.

शालन आली ती कागदावरची दोन वर्षं भरल्यावरच. तोपर्यंत तृप्ती नववीत गेली होती, आणि माझी निवृत्ती झाली होती. आईला घ्यायला ती आजऱ्याच्या स्टँडवर गेली, तेव्हा दोघींनी एकमेकींना ओळखलं, पण काय बोलायचं ते बराच वेळ कोणालाच कळेना, असं महादेवने मला नंतर सांगितलं. हळूहळू बोलायला लागल्या. ओमला मात्र काही महिने लागले.

पण ते पुढचं. त्या शुक्रवारी मी अंगणातून आत आले तेव्हा गिरणी बंदच होती. गहू पेटाऱ्यात तसेच पडले होते. तृप्ती पोत्यावर बसली होती, ओम तिच्या मांडीत. साडेपाच वाजले असतील. ऊन मागच्या दाराला गेलं होतं.

मी पर्समधून माझा फोन काढला. "तृप्ती, उठ. तिकडे उभी राहा."

"कशाला?"

"मी घेते. तू पुढे ये."

ती उठली आणि मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. लगेच तिने मागे वळून बघितलं. "बाई, उजेड माझ्या पाठीमागनं येतोय. तोंड काळं पडंल. पोतं आणू का?"

"नको."

"ज्वारीची पिशवी तरी घ्या. तुमचा हात हालतोय."

"हलू दे."

"हे आईला पाठवायचंय?"

"हो. लगेच. व्हॉट्सअ‍ॅपवरच."

"गढूळ दिसंल की."

"दिसू दे," मी म्हटलं.

ओमने सवयीने टाळी वाजवली. तृप्ती समोर बघायला लागली. वर्षभर ती माझ्या वर्गात होती, आणि मी तिला अशी पडद्यावर पहिल्यांदाच बघत होते. फ्रॉक गुडघ्याच्या बराच वर गेला होता. एक वेणी घट्ट होती, दुसरी सैल. आपल्या हाताने घातली की एक बाजू सैलच राहते. चेहरा खरोखरच काळा आला होता. फक्त कडेने उजेडाची एक रेघ दिसत होती.

"काय बोलू?" तिने विचारलं.

"काहीही. नाही बोललीस तरी चालेल."

महादेव मोटरीला टेकून बघत होता. पट्टा परत भिंतीला टांगलेला होता आणि वाऱ्याने वाजत होता. कोणी उठून त्याला धरलं नाही.

 तृप्ती दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ झाली. टाचा चौकटीला टेकवल्या. उजव्या हाताचा पंजा आडवा करून डोक्यावर ठेवला आणि पंजा चौकटीवर तसाच ठेवून, वाकून, हळूच बाजूला झाली. चित्रात आता रिकामी चौकट होती, आणि तिच्यावर एका उंचीला टेकलेला हात.

"आई," ती चित्राच्या बाहेरून म्हणाली, "मी हितंपर्यंत आलोय."

मी फोन थोडा फिरवला. ती हात न हलवता माझ्याकडे बघत होती.

"बाई, हात दिसतोय न्हवं?"

"दिसतोय."

"मग बंद करू नका," ती म्हणाली. "राहू दे अजून थोडं."